गुरप्रीत की विशाल: गोली निवडताना

बार्शीच्या एका मित्राचा परवा फोन आला. तिथल्या एका शाळेची फुटबॉल टीम तो सांभाळतो. "मालक, दोन गोली, म्हणजे गोलकीपर झालेत माझ्याकडं, दोघंबी चांगले. कुणाला उभं करू?" त्याच संध्याकाळी आमच्या मैदानावर प्रॅक्टिस संपल्यावर पोरांची जुंपली होती: भारताच्या गोलात गुरप्रीतसिंग संधू पाहिजे का विशाल कैथ. पाण्याच्या बाटल्या रिकाम्या झाल्या, अंधार पडला, तरी कुणी मागं हटेना. मी मध्ये पडलो नाही. पण माझं मत ठरलेलं आहे, आणि ते मॅच बघून ठरलेलं नाही. चार वर्षांपूर्वी माझ्याच टीमसाठी अशी निवड करावी लागली, तेव्हा ठरलं. म्हणून मित्राला आणि पोरांना एकत्रच उत्तर देतो.

आकडे बघायचे तर पारडं विशालकडं झुकतं, हे आधीच मान्य करतो. 2022-23 आणि 2024-25 या दोन मोसमांत आयएसएलचा, म्हणजे आपल्या देशातल्या मोठ्या क्लब लीगचा, गोल्डन ग्लोव्ह हा गोलीचा मान त्याला मिळाला. त्याच्या मोहन बागान क्लबनं लागोपाठ दोनदा लीग शील्ड, म्हणजे साखळीतला पहिला नंबर, जिंकली, तेव्हा गोलात तोच होता. गुरप्रीतची पुण्याई जुनी. नॉर्वेत स्टाबेककडून खेळलेला, युरोपा लीगच्या पात्रता फेरीत उतरलेला पहिला भारतीय. आणि 2019 ची दोहातली ती रात्र: नेहमीचा कॅप्टन सुनील छेत्री आजारी, त्याची पट्टी गुरप्रीतच्या दंडावर, समोर त्याच वर्षी आशियाई चषक जिंकलेला कतार, आणि मॅच 0-0. शेवटची वीस मिनिटं मी घरात उभ्यानं बघितली होती. पण जुन्या पुण्याईवर आजची टीम निवडता येत नाही, हे विशालच्या बाजूचे लोक म्हणतात ते बरोबरच आहे.

पेनल्टी शूटआउटवरून निवड करू नका. आमची पोरं सगळ्यात जास्त यावरच भांडतात. मार्च 2023 च्या आयएसएल फायनलला दोघं समोरासमोर होते, विशाल मोहन बागानकडून आणि गुरप्रीत बेंगळुरूकडून. मॅच 2-2, आणि पेनल्टीवर 4-3 नं विशालची टीम जिंकली. 2024 ला ड्युरँड कपच्या सेमीफायनलला पुन्हा दोघं समोरासमोर, पुन्हा 2-2, पुन्हा 4-3, पुन्हा विशाल. मग गुरप्रीतवाले देशाकडून खेळलेला 2023 चा सॅफ कप काढतात: सेमीला लेबनॉन, फायनलला कुवेत, दोन्ही वेळा पेनल्टी, आणि कुवेतची शेवटची किक गुरप्रीतनं अडवली. सप्टेंबर 2025 ला ओमानविरुद्धही शेवटची त्यानंच अडवली. मग ठरवणार कसं? पेनल्टीला गोली एकटा असतो. उरलेली नव्वद मिनिटं त्याच्यापुढं चार बॅक, म्हणजे बचाव करणारे खेळाडू असतात, आणि माझ्या अनुभवात मॅच तिथं जाते.

आता दोघांच्या चुका शेजारी ठेवून बघा. नोव्हेंबर 2024, हैदराबाद, मलेशिया. लांबून आलेल्या बॉलवर गुरप्रीत पुढं धावला, अंदाज चुकला, पाउलो जोसुएनं रिकाम्या गोलात बॉल ढकलला. जून 2025, हाँगकाँग. भरपाईच्या वेळेत विशाल बॉलला ठोसा मारायला बाहेर आला, हात बॉलऐवजी खेळाडूला लागला, पेनल्टी, आणि आपण 0-1 नं हरलो. चूक एकाच जातीची आहे: बाहेर येण्याची. 2027 च्या आशियाई चषकाची पात्रता आपली हुकली, त्यात या हाँगकाँगच्या मॅचचाही वाटा आहे. पण हाँगकाँगमुळं विशालला काढा म्हणणाऱ्यानं मलेशियाही आठवावी. आणि जानेवारी 2024 चा ऑस्ट्रेलियाविरुद्धचा पहिला गोलही आठवावा, गुरप्रीतचा ठोसा कमी पडला आणि बॉल थेट त्यांच्या अर्विनच्या पायाशी गेला. बाहेर येणारा गोली कधीतरी चुकणारच. मी बघतो ते वेगळं: तो बाहेर येतोय हे त्याच्या बॅकला कळतं का?

यासाठी माझी गोष्ट सांगावी लागेल.

माझ्याकडं दोन गोली होते. एक उंच, सोलापूरच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू. वडील यंत्रमागावर. आमच्या मुरमाच्या मैदानावर डाय मारली की कोपराचं कातडं सोलून निघतं, पण हा पोरगा मे महिन्याच्या उन्हातही मागंपुढं बघायचा नाही. हात लांब, नजर पक्की, जवळून मारलेला शॉट तर हमखास धरायचा. दुसरा त्याच्या खांद्याला लागेल एवढा. घरी कन्नड. क्रॉसबारला हात पुरायचा नाही, उडी मारली तरी बोटंच टेकायची. निवड सोपी होती. दोन वर्षं उंचच उभा राहिला.

फक्त तो बोलायचा नाही. मी सांगून थकलो. "अरे, ओरड की!" मान हलवायचा, आणि पुढच्या कॉर्नरला पुन्हा गप्प. मराठी बोलायचा त्याला संकोच होता, हे मला उशिरा कळलं. शॉट अडवतोय ना, मग चालतंय, असं म्हणून मी सोडून दिलं.

बाहेरगावच्या एका स्पर्धेची सेमीफायनल. 0-0, पाचेक मिनिटं उरलेली. सेंटर लाईनच्या पुढून कुणीतरी साधा उंच बॉल टाकला, त्यात काही जोर नव्हता. आमचा स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, बॉलवर नजर ठेवून मागं मागं येत होता. उंच पोरगा चार पावलं पुढं आला, हात वर केले. निर्णय अगदी बरोबर. पण तोंडातून शब्द नाही. मागं कुणी आहे हे स्टॉपरला ठाऊकच नाही, त्यानं उडी मारून डोकं लावलं. बॉल गोलीच्या हातांवरून गेला, मुरमावर दोन टप्पे पडले, आणि हळूहळू, कुणीही धावत जाऊन अडवला असता इतक्या हळू, आत गेला. अडवायला कुणी नव्हतं, दोघंही जमिनीवर होते.

स्टॉपर रडत होता. "सर, आवाजच आला नाही ओ." आणि हा म्हणाला, "बॉल माझाच होता, सर." दोघांचंही खरं होतं.

पुढच्या मोसमात मी बुटक्याला उभं केलं. पहिल्या तीन मॅचमध्ये दोन गोल त्याच्या डोक्यावरून गेले. उंच गोली असता तर बहुतेक अडले असते, हे मी नाकारत नाही. पण तो अखंड बोलायचा. मराठी बॅकला "माझा!", पूर्व भागातल्या दोघांना तेच तेलुगूत "नादी!", आणि होटगी रोडच्या पोराला कन्नडमध्ये "नंदु!" सोडायचं असलं की "सोड!" नाहीतर "बिडु!" हे मी शिकवलं नव्हतं. आपल्या सोलापूरची पोरं गल्लीतच चार भाषा शिकतात, यानं त्या गोलात वापरल्या. महिन्याभरात माझी बॅक लाईन दहा पावलं पुढं येऊन खेळायला लागली, कारण मागं काय चाललंय ते बघायला मान वळवावी लागत नव्हती. समोरच्यांना शॉटच कमी मिळायला लागले. मी काही मोजलं नाही, पण बुटक्याच्या कोपरावरच्या जखमा वाळल्या त्या पुन्हा ताज्या झाल्या नाहीत.

म्हणून गुरप्रीत आणि विशालकडंही मी कानानंच बघतो. मार्च 2018 ला मी हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलो होतो, बालेवाडीला एफसी पुणे सिटी आणि बेंगळुरूची सेमीफायनल बघायला. विशाल तेव्हा आपल्या पुण्याच्या गोलात. मी गोलामागच्या बाजूला बसलो होतो, त्यामुळं एका हाफला एक गोली आणि दुसऱ्या हाफला दुसरा, असे दोघंही समोर मिळाले. मॅच 0-0 झाली, बाकीच्यांना कंटाळवाणी वाटली असेल. मला विशाल शांत दिसला, हातानं बॅकला इकडं-तिकडं सरकवणारा, पायांची जागा कधी न चुकणारा. गुरप्रीतचा आवाज मात्र प्रेक्षकांच्या गोंगाटातूनही माझ्यापर्यंत येत होता. बॉल पलीकडच्या गोलापाशी असतानाही तो बोलतच होता. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसची वाट बघत पुणे स्टेशनवर बसलो, तेव्हाही तो आवाज कानात होता. पुढं कोविडच्या काळात आयएसएल गोव्यात रिकाम्या मैदानांवर झाली, तेव्हा टीव्हीवरही मला तोच जास्त ऐकू आला.

आता, माईक कुठं ठेवलाय यावरही ते अवलंबून असेल. शांत गोलीचे बॅकही शांत राहतात, असं मानणारे चांगले कोच आहेत, आणि मोहन बागानच्या बचावाकडं बघून त्यांना खोटं कसं म्हणायचं? विशाल गुरप्रीतपेक्षा चार वर्षांनी लहान आहे, पुढची वर्षं त्याचीच असतील. रोज एकत्र सराव करणाऱ्या क्लबसाठी विचाराल तर मी कदाचित विशालच म्हणेन. पण देशाच्या टीमचं तसं नसतं. वेगवेगळ्या क्लबचे बॅक चार-आठ दिवसांसाठी एकत्र येतात, एकमेकांच्या सवयी माहीत नसतात. तिथं बोलणारा गोली मला जास्त मोलाचा वाटतो. उद्या मॅच असेल तर मी गुरप्रीतलाच उभं करीन.

माझा उंच पोरगा अजून टीममध्ये आहे. दुसरा गोली म्हणून बसतो, आणि मागच्या महिन्यात एका सराव मॅचमध्ये त्याच्या तोंडून पहिल्यांदा मोठ्यानं "नादी!" ऐकलं. समोर मराठी बॅक होता, तरी तो थांबला.

बार्शीच्या मित्राला सांगितलंय: रविवारी दोघांना अर्धा-अर्धा तास उभं कर, आणि तू गोलाकडं पाठ करून उभा राहा. नजर फक्त बॅकच्या चेहऱ्यावर ठेव. गोल किती झाले ते पोरं सांगतीलच.