रास्त भाव, पण कोणाला? संक्रांतीच्या वाणाची एक खरेदी

मराठीत ‘रास्त भाव’ म्हटले की शिधापत्रिका आणि धान्याचे दुकान आठवते. तेथे भाव रास्त असतो तो घेणाऱ्याला. ‘फेअर ट्रेड’ या नावाने जो व्यापार चालतो त्यात मात्र भाव रास्त असावा लागतो तो बनवणाऱ्याला. हा फरक मी अनेकदा वाचला होता. पण यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी चाळीस जणींचे वाण घ्यायला निघाले तेव्हा तो पहिल्यांदा नीट कळला. त्या खरेदीचा, म्हणजे एका दुकानाचा आणि त्यातून घरी आलेल्या वस्तूंचा, हा अभिप्राय आहे.

आमच्या घरी वाण आजवर बोहरी आळीतून यायचे. स्टीलची वाटी, प्लॅस्टिकचा डबा, आरसा लावलेली कुंकवाची डबी, असे काहीतरी घाऊक दराने घ्यायचे आणि रथसप्तमीपर्यंत लुटून मोकळे व्हायचे, हा क्रम. आमच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर इतर घरांतून आलेले असे अठरा डबे आहेत, आणि त्यांपैकी एकालाही स्वतःचे झाकण उरलेले नाही. म्हणून या वर्षी ठरवले की प्रत्येकी दीडशे रुपयांत, म्हणजे एकूण सहा हजारांत, अशी वस्तू घ्यायची जी वापरली जाईल आणि जी करणारीला तिच्या कष्टाचे पैसे मिळाले असतील. सासूबाईंनी एकच अट घातली, “सगळ्यांना सारखेच दे, नाहीतर वर्षभर ऐकावे लागेल.”

पुण्यात कर्वे रस्त्याच्या मागच्या बाजूला हस्तकलेच्या वस्तूंचे एक लहान दुकान आहे. त्याचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे तक्रार येणार आहे आणि दुकानाच्या मालकीणबाईंनी ती निस्तरलीही आहे. दुकान देखणे आहे. लाकडी फळ्या, मंद दिवे, प्रत्येक वस्तूला दोऱ्याने बांधलेली जाड कागदाची चिठ्ठी, आणि त्या चिठ्ठीवर ‘हातठशाची छपाई’ व ‘फेअर ट्रेड’ हे शब्द. एकशेवीस रुपयांचा साखळीचा, म्हणजे झिपचा, सुती पाउच मला आवडला, चाळीस नग एकदम मिळत होते, सासूबाईंची अटही पुरी होत होती. मी पैसे देऊन घरी आले.

घरी चाळीस पाउच जेवणाच्या टेबलावर मांडले तेव्हा काहीतरी खटकू लागले. ठशाच्या छपाईत कारागीर एकामागून एक ठसा हाताने उमटवत जातो; त्यामुळे दोन ठशांच्या सांध्यावर रेष कुठे किंचित दुहेरी होते, कुठे केसभर जागा सुटते, कुठे हाताचा दाब कमी पडून रंग फिका उतरतो, आणि बहुधा कापडाच्या मागच्या बाजूसही नक्षीची सावली दिसते. माझ्या समोरच्या पाउचांवर एकही सांधा चुकलेला नव्हता. रंग दुधावर साय धरावी तसा कापडाच्या वरच्यावर बसलेला होता आणि आतून कापड कोरे पांढरे होते. ही छपाई चौकटीला ताणलेल्या जाळीतून रंग ओढून केलेली होती, ज्याला बाजारात स्क्रीन प्रिंट म्हणतात. स्क्रीन प्रिंटमध्ये वाईट काही नाही, तेही कोणाच्या तरी हातांचेच काम असते. पण चिठ्ठीवर एक लिहावे आणि आत दुसरे निघावे, हे त्या दुकानाला शोभणारे नव्हते.

दुसऱ्या दिवशी जाऊन विचारले. काउंटरवरच्या मुलीला काही सांगता येईना. तीन दिवसांनी मालकीणबाईंचा फोन आला आणि त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले की संक्रांतीची मागणी वाढल्यामुळे तो माल जयपूरच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून उचलला, आणि चिठ्ठ्या मात्र नेहमीच्याच लावल्या गेल्या. पाउच त्यांनी परत घेतले, पूर्ण पैसे दिले, आणि पुढच्या वेळी गेले तेव्हा त्या चिठ्ठ्या काढलेल्या दिसल्या. चूक मान्य करण्याच्या या पद्धतीसाठी मी दुकानाला गुण देते. चूक ग्राहकाने दाखवून द्यावी लागली, यासाठी कापून घेते.

येथे चिठ्ठीवरच्या शब्दांविषयी थोडे लिहिणे भाग आहे. ‘फेअर ट्रेड’ हे शब्द कोणीही छापू शकतो. चिन्हे मात्र ठरलेली आहेत आणि ती तपासणीशिवाय मिळत नाहीत. १९८८ साली नेदरलँड्समध्ये मेक्सिकोतील लहान शेतकऱ्यांच्या कॉफीवर ‘मॅक्स हावेलार’ हा शिक्का प्रथम आला, आणि त्याच वाटेने पुढे फेअरट्रेड इंटरनॅशनलचे चिन्ह तयार झाले. हे चिन्ह मालावर असते, म्हणजे मुख्यतः कॉफी, चहा, कापूस, साखर यांसारख्या शेतमालावर. अनेक पिकांसाठी त्यात किमान भावाची तळरेषा असते आणि शिवाय शेतकऱ्यांच्या संघाला सामाईक कामासाठी वेगळी रक्कम मिळते. उदाहरणार्थ, धुतलेल्या (म्हणजे फळाचा गर पाण्याने काढलेल्या) अरेबिका जातीच्या कॉफीसाठी ऑगस्ट २०२३ पासून पौंडाला १.८० डॉलर हा किमान भाव लागू झाला आणि त्यावर २० सेंट संघासाठी. दुसरी व्यवस्था वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशनची. ती वस्तू न पाहता संस्था पाहते: मजुरी, बालमजुरी, स्त्री-पुरुषांतील समानता, आगाऊ रक्कम अशा दहा तत्त्वांवर. मुंबईत अंधेरीच्या वस्त्यांतील स्त्रियांना घेऊन १९८४ साली उभी राहिलेली ‘क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स’ ही संस्था या दुसऱ्या प्रकारातली. माझ्या पाउचच्या चिठ्ठीवर यांपैकी एकही चिन्ह नव्हते. अर्थात चिन्ह नाही म्हणून लबाडीच असेल असेही नाही, कारण तपासणीला पैसा आणि कागदपत्रे लागतात आणि दहा-बारा बायकांच्या बचत गटाला ते परवडत नाही. अशा वेळी दुकानदाराला विचारणे एवढाच मार्ग उरतो, आणि मला आता असे वाटते की ज्या दुकानात या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळते ते दुकान चांगले.

याच दुकानाने तसे उत्तर दिले, म्हणून तर हा अभिप्राय निव्वळ तक्रारीचा राहिला नाही. परत आलेल्या पैशांत मी तेथलेच दुसरे पाउच पाहिले: जुन्या सुती लुगड्यांचे तुकडे एकावर एक ठेवून, गोधडीला घालतात तसा धावदोरा घालून शिवलेले. किंमत एकशेचाळीस. मालकीणबाईंनी वही उघडून हिशेब दाखवला: शिवणारीला नगामागे पंचेचाळीस रुपये, कापड, अस्तर व साखळी मिळून चाळीस, आणि उरलेल्या पंचावन्नात दुकानाचे भाडे, पगार, कर आणि नफा. सराव असलेली बाई दिवसाला आठ पाउच शिवते, म्हणजे तीनशेसाठ रुपये. रोजगार हमीची २०२५-२६ सालची महाराष्ट्रातील मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती, त्यापेक्षा हे अधिक. पण सुई-दोरा बाईचा, दिवा तिच्या घरचा, आणि मान मोडून बसायची ती वेगळीच, हे धरले तर अंतर फार उरत नाही. मी हे बोलून दाखवले. “पन्नास केले तर पाउच दीडशेला जाईल, आणि दीडशेला तुम्ही घ्याल का?” असे त्यांनी विचारले. मी घेतले असते असे म्हणाले, पण बोहरी आळीत पाच रुपयांसाठी पाऊण तास उभी राहिलेली मीच, हेही त्याच क्षणी आठवले.

पाउचाचा दर्जा उत्तम आहे. धावदोऱ्याचे टाके तांदळाएवढे आणि एकसारखे आहेत, शिवण उलटवून आत घेतलेली आहे, आणि लुगड्याचे कापड अनेकदा धुतलेले असल्यामुळे रंग जाण्याचा प्रश्नच नाही. साखळी तेवढी हलकी आहे. माझ्या स्वतःच्या पाउचची दोन आठवड्यांत अडकू लागली आणि तिला मेण चोळावे लागले. आणखी एक गोष्ट खटकली ती म्हणजे जुन्या कापडाचा पुनर्वापर केलेली ही वस्तू चकचकीत प्लॅस्टिकच्या वेष्टनात घालून देतात. वेष्टन नको म्हटल्यास काढतात, पण म्हणावे लागते.

अडचण अशी की असे पाउच दुकानात सोळाच होते आणि नवे करून मिळायला महिना लागणार होता. उरलेल्या चोवीस जणींसाठी वर्ध्याच्या नणंदेला फोन केला. वर्ध्याला मगन संग्रहालय आहे. मगनलाल गांधींच्या नावाचे हे संग्रहालय १९३८ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या हस्ते सुरू झाले, आणि ज्या मगनवाडीत ते आहे तेथूनच गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योग संघाचे काम पाहत. आज तेथील संस्था सेंद्रिय कापसाची खादी करते आणि ती वनस्पतींच्या रंगांत रंगवते. नणंदेने तेथून हातरुमाल आणि लहान पंचे आणले.

या खादीत मला एक जुना वाद जिवंत दिसला. १९३५ साली गांधीजींनी खादीचे काम पाहणाऱ्या चरखा संघापुढे असा आग्रह धरला की सूत कातणाऱ्या बाईला आठ तासांच्या कामाचे आठ आणे मिळाले पाहिजेत. त्यावर, खादी महागेल आणि ग्राहक पळेल, अशी भीती संघातल्याच अनेकांनी व्यक्त केली. शेवटी आठ आण्यांपेक्षा बऱ्याच कमी दरावर गाडी थांबली. पण कातणारीला किमान मजुरी द्यायची आणि त्यासाठी कापडाची किंमत वाढली तर वाढू द्यायची, हे तत्त्व संघाने स्वीकारले. कॉफीवर पहिला शिक्का बसण्याच्या अर्धशतक आधीची ही गोष्ट आहे, आणि तिची बैठक वर्ध्याला झाली होती. ‘पन्नास केले तर दीडशेला जाईल’ हा मालकीणबाईंचा प्रश्न त्याच बैठकीतला म्हणायचा.

रुमालांविषयी सांगायचे तर कापड पहिल्या दिवशी खरखरीत लागते, तीन धुण्यांनंतर मऊ पडते आणि पाणी गिरणीच्या कापडापेक्षा चांगले टिपते. वनस्पतींच्या रंगात दोन नग तंतोतंत सारखे येत नाहीत; डाळिंबाच्या सालीचा पिवळा एका रुमालात मोहरीसारखा तर दुसऱ्यात मातकट होता. हे रंग साबणाच्या पावडरीत आणि कडक उन्हात टिकत नाहीत, त्यांना रिठ्याचे पाणी आणि सावली लागते. मी हे एका चिठ्ठीवर लिहून प्रत्येक रुमालासोबत दिले, तरी एका मैत्रिणीने तो मशीनमध्ये टाकलाच आणि मुलाचा गणवेश करडा करून घेतला. वनस्पतींच्या रंगाईत काळा रंग गंजके लोखंड गुळाच्या पाण्यात कुजवून करतात. तिळगुळाच्या आणि काळ्या वस्त्रांच्या सणाला काळा रुमाल गुळातूनच यावा, हा योग मला फार आवडला असता. पण काळे रुमाल संपले होते.

गुळाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, कारण वाणाच्या पाउचचा हिशेब पाहणारी मी तिळगुळाचा हिशेब कधी पाहिला नव्हता. ऊस तोडायला बीडकडून निघालेले नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मजुरी टनावर मिळते. जानेवारी २०२४ मध्ये या दरात ३४ टक्क्यांची वाढ ठरली. त्याआधीची वर्षे त्यांनी कशी काढली असतील ते वेगळे सांगायला नको. त्या गुळावर कसलीही चिठ्ठी नसते. मी यंदा सेंद्रिय गूळ घेतला, पण सेंद्रिय म्हणजे मातीला रास्त. तोडणारीला किती मिळाले, हे विकणाऱ्याला सांगता आले नाही. सुगडांच्या बाबतीत मात्र उत्तर समोरच बसलेले होते. कुंभारीणबाईंनी सांगितलेल्या किमतीत मी या वर्षी घासाघीस केली नाही. त्यांनी आश्चर्याने पाहिले आणि एक बोळके वर टाकले.

हळदीकुंकू संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी झाले. सारखे वाण देता येत नसल्यामुळे दोन्ही वस्तू परातीत मांडून ज्याला जे हवे ते उचला असे सांगितले, आणि सासूबाई तोंड फिरवून बसल्या. पाउच पहिल्या अर्ध्या तासात संपले. रुमाल उरणार असे वाटत असतानाच सासूबाईंच्या वयाच्या बायका आल्या. त्यांनी कापड चिमटीत धरून चोळले, उजेडाकडे धरून पाहिले आणि “ही हातची आहे” असे एकमेकींना सांगत दोन-दोन मागू लागल्या. सासूबाईंनी तेव्हा तोंड पुन्हा आमच्याकडे केले.

एकूण खर्च ठरवलेल्या सहा हजारांपेक्षा सातशे रुपयांनी वाढला. पुण्यातल्या त्या दुकानाकडे मी पुन्हा जाईन, मात्र गोधडीच्या पाउचसाठी, आणि छपाईच्या कोणत्याही कापडाची आतली बाजू तेथेच उलटून पाहीन. वर्ध्याची खादी घ्यायची असल्यास मागणी निदान दोन महिने आधी नोंदवावी, कारण घाईच्या मागणीला हातमाग वेग वाढवत नाही. पुढच्या संक्रांतीचे चाळीस पाउच मी आताच सांगून ठेवले आहेत, नगाला दीडशे रुपये या दराने; त्यांतले पन्नास शिवणारीला जाणार असे मालकीणबाईंनी वहीत माझ्यासमोर लिहिले, आणि साखळी जरा चांगली लावणार असेही.