नऊ महिने ‘साठवा आणि एकदम पाठवा’ : नाणी ९१ ग्रॅमची, भाडं दोन किलोचं

परवा खोकं आलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आत बुटांचा जोड असेल. उघडलं तर वर कागदाचे बोळे, त्याखाली बबल रॅपची गुंडाळी, त्याखाली पुन्हा बोळे आणि तळाला एका कोपऱ्यात रबरबँड लावून ठेवलेली माझी नऊ नाणी. दोन मारिया थेरेसा थालर (ऑस्ट्रियाच्या महाराणीच्या नावाचं चांदीचं मोठं नाणं), एक मॉर्गन डॉलर (अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर) आणि चांदीच्या सहा थ्रीपेन्स (इंग्लंडची तीन पेनींची बारकी नाणी). थालर २८.०७ ग्रॅमचा, मॉर्गन २६.७३ चा, थ्रीपेन्स १.४१ ची, सगळी मिळून ९१ ग्रॅम आणि वर थोडं. खोक्यासकट काट्यावर ठेवलं तर ३४० ग्रॅम. आणि भाडं लावलंय २ किलोचं.

माझ्या नाणेविक्रेत्याच्या ‘साठवा आणि एकदम पाठवा’ या सोयीचा हा अनुभव लिहायला मी पाच महिन्यांपूर्वी बसले होते. तेव्हा पाचपैकी पाच तारे द्यायचं ठरलं होतं. आळस केला ते बरंच झालं.

ही सोय कशी असते ते टपालाने नाणी मागवणाऱ्यांना सांगायला नको. नाणं पसंत केलं की पैसे लगेच भरायचे, विक्रेता ते आपल्या नावाच्या डब्यात ठेवतो, आणि आपण सांगू तेव्हा (माझ्या विक्रेत्याकडे १२० दिवसांच्या आत) सगळी एकदम पाठवतो. टपालखर्च एकदाच. माझ्यासारख्या चिक्कू बाईला यापेक्षा गोड काय वाटणार!

त्याआधी मी एकेक नाणं मागवायचे आणि दर वेळी चरफडायचे. एखाद्या स्वस्त नाण्याला नोंदणी टपालाचा खर्च नाण्याच्या किमतीहून जास्त. एकदा पैसे वाचवायला साधं पाकीट चालेल असं मीच विक्रेत्याला कळवलं. पाकीट आलं, कोपरा फाटलेला, आत फक्त बिल. पत्रं वर्गवारीच्या यंत्रात रोलरांमधून वाकत जातात. कागदात सुटं ठेवलेलं कडक नाणं तिथे वाकत नाही, कागद फाडून बाहेर पडतं. भरपाई मागायला तोंड नव्हतं, कारण साध्या पाकिटात नाणी घालायचीच नसतात. जागतिक टपाल संघाच्या करारातच तसं आहे: नाणी, नोटा, सोनं-चांदी विमा नसलेल्या पत्रात नको, देशाचा कायदा परवानगी देत असेल तर फार तर बंद पाकिटात, नोंदणी करून. म्हणजे नोंदणीचा खर्च हा विक्रेत्याचा हावरटपणा नव्हे, हे मला एक नाणं गमावून कळलं.

तर पहिले तीन-चार महिने मी खूश होते. हिशेब साधा आहे. टपालात पहिला टप्पा महाग, पुढचे ग्रॅम स्वस्त. टपालसुधारक रोलँड हिलने १८४० मध्ये इंग्लंडात पेनी टपाल (एका पेनीत देशभर पत्र) सुरू करवलं ते याच मुद्द्यावर: पत्र लांब नेण्याचा खर्च किरकोळ असतो, खरा खर्च ते गोळा करण्याचा, हिशेबाचा आणि वाटण्याचा. म्हणून अंतर सोडा, वजनावर दर लावा. आता नोंदणी, पॅकिंग, सही घेणं हे सगळं एका पाकिटाला जेवढं, तेवढंच चार नाण्यांच्या पाकिटाला. पहिल्या खेपेला चार नाणी आली ती दोन पुठ्ठ्यांच्या मधे चिकटवून, हाताच्या पंजाएवढ्या चपट्या पाकिटात. प्रत्येक नाण्यावर पडलेला टपालखर्च पूर्वीच्या एक तृतीयांश. मी त्या पाकिटाचा फोटो काढून ठेवला आहे. आता तो जुन्या अल्बममधल्या फोटोसारखा बघते.

याच काळात ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा छोटा काटा घेतला. घेतला तो टपालाचे टप्पे ताडून बघायला, पण उपयोग दुहेरी झाला. मॉर्गन डॉलरच्या नकला बाजारात भरपूर आहेत, आणि वजनात घसरलेली नक्कल काटा पहिल्या सेकंदाला दाखवतो. वजन बरोबर आलं म्हणजे नाणं खरंच, असं मात्र नाही. थालरची गंमत वेगळी. मारिया थेरेसा १७८० मध्ये गेली आणि नंतर अनेक टाकसाळींनी तेच साल घालून तेच नाणं पाडलं, त्यामुळे ‘१७८०’ वाचून हुरळायचं नाही. टपालाच्या दृष्टीने मात्र थालर म्हणजे संकट. पत्राच्या दराचा पहिला टप्पा बऱ्याच ठिकाणी २० ग्रॅमचा असतो. एकटा थालर, पाकीट न धरता, तो ओलांडतो.

पाचव्या महिन्यात पहिली शंका आली आणि ती स्वतःबद्दलच होती. डब्यात दोन नाणी पडलेली. ‘आता टपाल भरायचंच आहे तर अजून दोन-तीन घालू’ असं म्हणत मी त्या सहा थ्रीपेन्स घेतल्या. मला थ्रीपेन्स गोळा करायच्या नाहीत. माझा संग्रह मोठ्या चांदीच्या नाण्यांचा, सुपारीएवढी चकती मला दिसतही नाही नीट. घेतल्या कारण हलक्या होत्या आणि भागायला आकडा मोठा हवा होता. खर्च भागिले नाणी, उत्तर लहान, मन शांत. त्या सहा नाण्यांचे पैसे टपालखर्चात धरले तर माझी सगळी बचत तिथेच संपते, वर थोडं देणं लागते. विक्रेत्याने यात काही फसवलेलं नाही. त्याने फक्त डब्यात किती जागा उरली आहे ते दाखवणारी हिरवी पट्टी ठेवली आहे, आणि ती भरत आणायला मला आवडतं.

सहाव्या महिन्यात एक तारा गेला. परत करायची मुदत १४ दिवस, आणि ती मोजतात खरेदीपासून, नाणं हातात पडल्यापासून नाही. एका थालरवर भिंगातून बारीक समांतर ओरखडे दिसले. कुणीतरी तो कधीतरी घासून चकचकीत केला होता. फोटोत हे दिसत नाही, हातात घेऊन उजेडात फिरवलं की दिसतं. पण नाणं डब्यात ७० दिवस बसलेलं! मुदत केव्हाच उलटून गेलेली. नियम त्यांच्या पानावर लिहिलेला होता, मी वाचला नव्हता, हे कबूल. तरी ज्या सोयीचा उद्देशच नाणं चार महिने न पाठवणं हा, तिथे परतीचे दिवस खरेदीपासून मोजणं म्हणजे छत्री देऊन पावसाळ्यात उघडायची नाही म्हणण्यासारखं आहे.

याच्या जोडीला आणखी एक. डब्यात नाणी कशात ठेवतात ते विचारून घ्या. मऊ, लवचिक, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात असतील तर ती पीव्हीसीची असू शकतात. दीर्घकाळात त्यातून सुटणारे पदार्थ धातूवर हिरवट चिकट थर आणतात. शुद्ध ॲसिटोनने थर निघतो, खाल्लेला पृष्ठभाग परत येत नाही. मी विचारलं, त्यांनी कडक मायलरच्या (पारदर्शक पॉलिएस्टरच्या) खिडकीचे पुठ्ठे वापरतो म्हटलं, आणि आलेही तेच. इथे पूर्ण गुण.

सातव्या महिन्यात त्यांनी टपाल सोडून खाजगी कुरियर धरलं. लवकर पोचतं, रोज ट्रॅकिंग दिसतं, विमाही आहे म्हणे. एक खेप ११ दिवस एकाच गोदामात अडकली तेव्हा मी रात्री बसून कुरियरच्या अटी वाचल्या. न स्वीकारायच्या वस्तूंच्या यादीत रोकड, सोनं-चांदी आणि नाणी. बऱ्याच कुरियर कंपन्यांच्या अटींत हे असतं. म्हणजे हरवलं असतं तर विम्याच्या रकमेला ‘वस्तूच स्वीकारार्ह नव्हती’ एवढं एक वाक्य पुरलं असतं. खेप आली, सुखरूप आली, पण तेव्हापासून मी दर वेळी लिहून विचारते: विमा कुणाचा, कुरियरचा की तुम्ही वेगळा काढलेला? आणि त्यात नाणी धरली आहेत का? पहिल्या प्रश्नाला लगेच उत्तर येतं. दुसऱ्याला दोन दिवस लागतात.

आणि चपटी पाकिटं जाऊन खोकी आली ती या कुरियरबरोबरच.

आता मला हवेबद्दल बोलू द्या. कुरियरवाले दोन वजनं बघतात, काट्यावरचं आणि आकारावरून काढलेलं, आणि जे जास्त त्याचे पैसे घेतात. दुसऱ्याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले बहुधा ५०००. विमानात जागा अडते म्हणून हा नियम, आणि उशा पाठवणाऱ्यांसाठी तो रास्त आहे. परवाचं खोकं ३० बाय २२ बाय १५. गुणाकार ९९००. भागिले ५०००, म्हणजे १.९८. वरच्या टप्प्याला धरून २ किलो. चांदी ही काही हलकी वस्तू नव्हे. आकाराच्या मानाने इतकी जड चीज हवेच्या भावाने पाठवायला खास कसब लागतं.

मी टेबलावर मांडून बघितलं. नाण्यांचे पुठ्ठे ५ सेंटिमीटर चौरस. तीन-तीनच्या तीन ओळी केल्या की १५ बाय १५ चा चौकोन. खाली-वर जाड पुठ्ठा, चारी बाजूंनी चिकटपट्टी, आणि पट्टीचं टोक दुमडून ठेवायचं, म्हणजे उघडताना सुरी लागत नाही. बाहेरचं माप १७ बाय १७, जाडी दीड. गुणाकार ४३३.५. व्हॉल्युमेट्रिक वजन ८७ ग्रॅम. म्हणजे ते खऱ्या वजनापेक्षा कमी भरतं, आणि मग पैसे खऱ्या वजनाचेच लागतात. शिवाय नाणी जागची हलत नाहीत. खोक्यात ती रबरबँडमध्ये एकमेकींवर बसून आली. एका पुठ्ठ्याची स्टेपल शेजारच्या मायलरमध्ये रुतली होती. थोडक्यात वाचलं. स्टेपल पक्कडीने दाबून चपटी करायला किती वेळ लागतो? मी नऊ पुठ्ठ्यांच्या केल्या, चार मिनिटं.

हे सगळं मी आकृती काढून, मापं घालून विक्रेत्याला पाठवलं. वरून, बाजूने आणि कापलेला छेद अशा तीन आकृत्या. घरातले म्हणाले, एवढ्या वेळात तू शिवणाचे पैसे मिळवले असतेस. उत्तर आलं की खोकी त्यांना एकाच मापाची घाऊक मिळतात, त्यामुळे स्वस्त पडतात. त्यांना स्वस्त पडतात, बरोबर! भाडं मी भरते.

सीमाशुल्काचं थोडक्यात. परदेशातून येत असेल तर प्रत्येक खेपेवर हाताळणीचं शुल्क लागू शकतं, तिथे एकत्र मागवणं फायद्याचं. पण खेपेची किंमत करमाफीच्या मर्यादेबाहेर गेली की तोच फायदा उलटतो, आणि अनेक देशांत कराच्या किमतीत टपाल आणि विमाही धरतात, म्हणजे त्या दोन किलो हवेवरही कर. कागदावर वस्तूचा सांकेतिक क्रमांक काय घालतात तेही बघून घ्या: ९७०५ हा संग्राह्य वस्तूंचा, ७११८ हा नाण्यांचा, आणि दोन्हींचे दर सगळीकडे सारखे नसतात. किंमत कमी दाखवू का असं विचारणाऱ्याला नाही म्हणा. ते बेकायदा आहेच, शिवाय हरवलं तर भरपाईही तेवढीच.

सोय मी सोडलेली नाही. आता नाणं घेतलं की मुदतीच्या आत दोन्ही बाजूंचे तिरक्या उजेडातले फोटो मागवते, पाठवतात. डबा तीन-चार नाण्यांवर गेला की पाठवा म्हणते, हिरव्या पट्टीकडे न बघता. कुरियर नको, नोंदणीचं विमा उतरवलेलं टपाल हवं, असं प्रत्येक मागणीवर लिहिते. चार दिवस जास्त लागतात. नाणी शंभर-दोनशे वर्षं थांबलेली आहेत, मला कसली घाई? साडेतीन तारे. खोक्याचं परवा झालं नसतं तर चार दिले असते.

एवढं लिहून ठेवलं होतं तोवर आज आणखी एक खेप आली. खोक्याच्या आधी मागवलेली, पण टपालाने, म्हणून मागून पोचलेली. पाकीट चपटं! माझीच आकृती, दुमडलेल्या पट्टीसकट. म्हणजे तक्रार वाचायच्या आधीच त्यांना येत होतं. तीन थालर, पुठ्ठे इतके नेमके कापलेले की सगळं मिळून ९५ ग्रॅम, शंभराच्या टप्प्याच्या आत. अर्धा तारा परत द्यायला हात शिवशिवला. मग वरची चिठ्ठी बघितली: वजन १२३ ग्रॅम, दर पुढच्या टप्प्याचा. पाकीट झटकलं तर घडी घातलेली, चकचकीत जाड कागदाची नवी नाण्यांची सूची पडली. काट्यावर ठेवली. २८ ग्रॅम, बरोबर एका थालरएवढी.