नऊ महिने टँडेमवर: मागच्या सीटवरून

नऊ महिन्यांत ३,४०० किलोमीटर झाले, त्यातले निम्म्याहून जास्त डोंगरातले. आधी आमच्या दोन वेगळ्या सायकली होत्या. चढावर नवरा पुढे निघून जायचा आणि वळणावर उन्हात माझी वाट बघत उभा राहायचा. मी पोहोचेपर्यंत त्याचा दम जिरलेला असायचा, माझा नुकता कुठे लागलेला. टँडेम म्हणजे दोघांची मिळून एकच सायकल: पुढे नवरा, मागे मी, आणि दोघांची पेडल एकमेकांना जोडलेली. तिच्यावर ते संपलं. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी हीच सायकल पुन्हा घेईन. पण आहे तशी चालवू नका, दोन गोष्टी बदलाव्या लागतात.

पहिली, गिअर. आम्ही दोघं, सायकल, सामान आणि नऊ लिटर पाणी मिळून १७२ किलो भरतं. सायकल आली तेव्हा पुढचं सर्वांत लहान चक्र ३० दात्यांचं होतं आणि मागचं सर्वांत मोठं ३२ चं. सपाटीवर काही जाणवलं नाही. पहिल्याच उभ्या चढावर पेडल मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या पुढे जाईना आणि दोघांचेही गुडघे दुखायला लागले. आता पुढे २४ आणि मागे ३६ आहे, म्हणजे पेडल हलकं. ताशी साडेपाच किलोमीटरला पेडल ६५ च्या आसपास फिरतं, आणि मुख्य म्हणजे याहूनही सावकाश, कमी ताकदीत चढता येतं. उन्हात हेच हवं असतं. पेडल मारताना खर्च होणाऱ्या ऊर्जेतली साधारण तीन चतुर्थांश उष्णता होऊन अंगातच राहते. जेवढा जोर, तेवढा ताप.

गेल्या महिन्यातला एक दिवस सांगते. पहाटे पाचला निघालो, २२ किलोमीटरचा सलग घाट होता. साडेदहाला पारा ३९ वर. वारा पाठीमागून आणि नेमका आमच्याच वेगाने, त्यामुळे अंगाला हवा लागेचना. घाम वाळत नव्हता, कोपरावरून नुसता टपटपत होता. वाळणारा घाम अंग गार करतो, टपकणारा नाही.

माझ्यासमोर तासन्‌तास नवऱ्याची पाठ असते. त्याच्या करड्या टी-शर्टवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, एकीबाहेर एक, सुकलेल्या डबक्याच्या कडांसारख्या. ते नेहमीचंच. पण एक खड्डा आला आणि तो "खड्डा" म्हणालाच नाही. नऊ महिन्यांत असं झालं नव्हतं. पुढचाही खड्डा तसाच गेला. काही विचारलं तर नुसता हुंकार. मी म्हटलं, "थांब." तो म्हणाला, "वरपर्यंत जाऊ या, थोडंच राहिलंय." मी पाय थांबवले, मग त्यालाही थांबावंच लागलं.

कातळाच्या सावलीत त्याला बसवलं, डोक्यावर आणि मानेवर पाणी ओतलं, रुमालाने वारा घातला. मग मीठ-साखरेचं पाणी, घोट घोट. घाम भरपूर जात असताना नुसतंच साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, तेही धोक्याचंच. अर्ध्या तासाने तो नीट, सलग बोलायला लागला. ऊन कलल्यावरच पुढे निघालो. वेगळ्या सायकलींवर तो माझ्यापुढे दोन वळणं असता आणि मला काही कळलंही नसतं.

दुसरी गोष्ट ब्रेक, आणि इथे माझी तक्रार आहे. पाचव्या महिन्यात ६०० मीटर खाली उतरणाऱ्या रस्त्यावर मागचा डिस्क ब्रेक मऊ पडत गेला आणि शेवटी लिव्हर हँडलला टेकला. पुढच्या ब्रेकवर कसंबसं थांबलो. मी मागे बसून फक्त त्याच्या खांद्यांचा ताण बघत होते, माझ्या हातात काहीच नव्हतं. एवढं वजन तेवढं खाली आणताना जी ऊर्जा निघते, तिच्यात तीन लिटर पाणी उकळेल. थोडी हवा खाते, बाकीची ब्रेकमध्ये जाते. लिव्हरचा दाब ब्रेकपर्यंत तेल पोहोचवतं, ते उकळलं की त्यात बुडबुडे होतात आणि ब्रेक मऊ पडतो. आमच्या ब्रेकमध्ये डॉट ४ प्रकारचं तेल आहे. नवं असताना ते किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शोषल्यावर मात्र ही हद्द १५५ पर्यंत खाली येते. दुकानात याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. आता तेल वेळच्या वेळी बदलतो, आणि फ्रेम-फोर्कला चालतंय हे बघून १८० च्या जागी २०३ मिलिमीटरच्या डिस्क बसवल्या. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवत नाही. वळणाआधी जोरात लावायचा, मग पूर्ण सोडायचा, म्हणजे डिस्कला निवायला वेळ मिळतो. मोठ्या उतारावर मध्येच थांबतो, पण डिस्कला हात लावायचा नाही.

बाकी बारीकसारीक: दोघांचे क्रँक (पेडलचे दांडे) जोडणारी डावीकडची चेन दर महिन्याला ताणून घ्यावी लागते, दहा मिनिटांचं काम. सामान लादलेलं असताना उभं राहून पेडल मारणं आम्हाला अजून जमलेलं नाही. आणि मागच्या सीटला स्प्रिंगचा सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) पहिल्या दिवसापासून लावा. मागच्याला खड्डा दिसत नाही, पुढच्याने सांगितला तरच कळतो.