सुईच्या आधी तपासणी: पशुवैद्यकांच्या उजळणी अभ्यासक्रमाचा आठ महिन्यांचा अनुभव

मी कोरेगाव तालुक्यात गाई-म्हशींची खाजगी प्रॅक्टिस करतो. २००९ साली शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलो. त्यानंतर नवं काही शिकायची जागा म्हणजे औषध कंपन्यांचे हॉटेलातले कार्यक्रम. तासभर माहिती आणि मग जेवण. त्यांचाही उपयोग होतो, पण हे औषध कधी देऊ नये हे तिथं कुणी सांगत नाही. मला नेमकं तेच शिकायचं होतं.

म्हणून गेल्या वर्षी फी भरून सहा महिन्यांचा एक अभ्यासक्रम केला. आठवड्यातून दोन रात्री ऑनलाइन व्याख्यानं, दोन दिवस प्रत्यक्ष हाताळणी आणि शेवटी स्वतःची एक केस मांडायची, असं त्याचं स्वरूप होतं. तो संपून आठ महिने झाले. शिकलेलं गोठ्यात किती उतरलं ते आता सांगता येतं.

सगळ्यात जास्त उतरला तो कासदाहाचा, म्हणजे कासेला सूज येण्याच्या रोगाचा भाग. सीएमटी म्हणजे दुधावरून कासदाह ओळखायची गोठ्यातली चाचणी. तिचं चार कप्प्यांचं पॅडल कॉलेजात सगळ्यांनीच हाताळलेलं असतं, पण ते माझ्या बॅगेत कधी नव्हतं. आता ते स्टेथोस्कोपच्या शेजारी असतं. पहिल्या धारा बाजूला टाकायच्या, मग चार सडांचं दूध चार कप्प्यांत घ्यायचं, तेवढंच चाचणीचं द्रावण घालायचं आणि पॅडल गोल फिरवायचं. दूध निरोगी असेल तर ते पाण्यासारखं हलतं. पांढऱ्या पेशी वाढल्या असतील तर द्रावणानं त्या फुटतात आणि दूध जेलीसारखं घट्ट होऊन मधोमध गोळा होतं. हे पशुपालकाच्या डोळ्यांसमोर घडतं, त्यामुळं वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

रहिमतपूरच्या बाजूला एका गोठ्यावर नऊ संकरित गाई आहेत. जानेवारीत त्यातल्या एकीच्या मागच्या सडातून गाठी यायला लागल्या. ताप नव्हता, गाय खात होती, रवंथ चालू होता. मी नमुना घ्यायला लागलो तशा घरच्या आजी म्हणाल्या, "डॉक्टर, दूध कसलं तपासताय, आधी सुई मारा की!" त्यांचं चुकलं नाही. पंधरा वर्षं मीच त्यांना सुईची सवय लावली होती. सड स्पिरिटनं पुसून स्वच्छ बाटलीत दूध घेतलं आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेला पाठवलं. तोवर मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक दिलं आणि सड वारंवार पिळून मोकळा करायला सांगितलं. अहवालात ई. कोलाय हा जिवाणू निघाला. असा सौम्य कासदाह बऱ्याचदा गाय स्वतःच परतवते, हे व्याख्यानात ऐकलेलं होतं. पाचव्या दिवशी दूध साफ झालं. प्रतिजैविक दिलं असतं तर त्यानंतरचे ठरलेले दिवस दूध डेअरीला घालता आलं नसतं. ते नुकसान टळलं हे आजींनीच हिशेब करून मला सांगितलं.

मात्र हा नियम सरसकट लावू नका. गाय बसून उठत नसेल, ताप असेल, डोळे खोल गेले असतील तर अहवालाची वाट बघायची नसते, लगेच उपचार सुरू करायचे असतात. शिकवणाऱ्या सरांनी हे तीन वेळा सांगितलं आणि त्यांचं बरोबर होतं.

दुसरा बदल गोचीडतापाचा. पूर्वी ताप आणि गोचीड दिसले की मी थायलेरिया आणि बबेसिया हे गोचिडांतून रक्तात येणारे दोन्ही परजीवी धरून औषधं देत असे. आता कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेतो, काचपट्टीवर पातळ पसरवतो आणि घरी येऊन जिम्सा या रंगद्रव्यानं रंगवतो. जुना मायक्रोस्कोप विकत घेतला आहे. थायलेरियाला बुपार्वाक्वोन आणि बबेसियाला डिमिनाझिन, ही दोन वेगळी औषधं आहेत आणि त्यातलं पहिलं चांगलंच महाग आहे. अंदाजानं दोन्ही देणं म्हणजे पशुपालकाच्या खिशातून माझ्या शंकेची किंमत वसूल करणं. सुरुवातीला पट्ट्या जाड व्हायच्या, रंगाचे डागच जंतू वाटायचे. वर्गाच्या ग्रुपवर फोटो टाकले की रात्री उशिरा का होईना, कुणीतरी दुरुस्त करायचं. ती सोबत मला व्याख्यानांइतकीच मोलाची वाटते.

वेदनाशामकांवरच्या एका व्याख्यानानं मला हलवून सोडलं. डायक्लोफिनॅक दिलेलं जनावर मेल्यावर ते खाऊन गिधाडं मरतात, म्हणून जनावरांसाठी त्या वेदनाशामकावर २००६ मध्ये बंदी आली हे आम्ही कॉलेजात शिकलो होतो. पण ॲसिक्लोफिनॅकचं गाईच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होतं हे मला ठाऊक नव्हतं. २०२३ मध्ये ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनवरही बंदी आली. त्याआधी ती मी किती गाईंना दिली असतील, हा विचार अजून मनातून जात नाही. पदवीनंतर शिकत राहणं मला का गरजेचं वाटतं, ते या एका गोष्टीत आहे.

आता तक्रारी. वर्ग रात्री साडेआठला सुरू व्हायचा. आमच्याकडे धारा झाल्या की फोन सुरू होतात, कारण गाय खात नाही हे तेव्हाच लक्षात येतं. जवळजवळ निम्मी व्याख्यानं मी गाडी रस्त्याकडेला लावून मोबाइलवर ऐकली, काही बुडाली. रेकॉर्डिंग पंधरा दिवसांत बंद करत होते. पैसे भरलेल्या माणसासाठी ते वर्षभर तरी खुलं असायला हवं. तिसरा हिस्सा कुत्र्या-मांजरांवर होता, नोंदणी करताना तसं सांगितलं नव्हतं.

सोनोग्राफीच्या हाताळणीनं तर निराशाच केली. त्यासाठी खंबाटकी घाट ओलांडून पुण्याच्या बाजूला दोन दिवस गेलो, घरी एक गाय आज-उद्या व्यायची असताना. चोवीस डॉक्टर आणि दोन मशीन. वाट्याला दहा मिनिटं आली. त्या दहा मिनिटांत तीस दिवसांच्या गाभण गाईच्या गर्भाशयातलं काळं पाणी आणि त्यात लुकलुकणारा पांढरा ठिपका, म्हणजे गर्भाचं हृदय, पडद्यावर दिसलं. हातानं तपासून जे दोन महिन्यांनी खात्रीनं सांगतो ते महिन्यात कळत होतं. पण दहा मिनिटांत हात बसत नाही. पुढं फलटणच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्यांच्या मशीनवर आठवड्याला एक सकाळ दिली, तेव्हा कुठं साठेक गाईंनंतर चित्र ओळखू यायला लागलं. कार्यशाळा करून आल्या आल्या मशीन विकत घेऊ नका, एवढं कळकळीनं सांगतो.

आणखी एक उणीव आमच्या भागाची. ऊसतोडीच्या हंगामात इथल्या दावणीला वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, हाच मुख्य चारा असतो. वाढ्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, मग व्याल्यावर गाय बसते ती उठत नाही. चुन्याची निवळी शिंपडून वाढे घालायला आपण वर्षानुवर्षं सांगतो. आहाराच्या चार व्याख्यानांत हा विषय एकदाही आला नाही. कराडच्या एका डॉक्टरांनी प्रश्न विचारला तेव्हा सरांनी मोकळेपणानं सांगितलं की त्यांच्या भागात हा चारा नाही. मग आम्हीच त्यावर अर्धा तास बोललो. माझ्या मते तो त्या सहा महिन्यांतला उत्तम अर्धा तास होता. असे अभ्यासक्रम ठरवताना सातारा-सांगलीचे दोन डॉक्टर तरी बसवायला हवेत.

फी १२,५०० रुपये होती. दुधाच्या जनावरांवर काम करणाऱ्या आणि पदवीला दहा वर्षं होऊन गेलेल्या सहकाऱ्याला मी हा अभ्यासक्रम करायला सांगेन. फक्त कुत्र्या-मांजरांचा भाग आणि हाताळणीच्या गटात माणसं किती, हे दोन्ही आधी विचारून घ्या. पहिल्या दिवसापासून आपल्या केसची वही ठेवा. माझी उशिरा सुरू झाली, त्यामुळं पावसाळ्यातल्या गोचीडतापाच्या केसेस हातच्या गेल्या. शेवटी मांडायला रहिमतपूरच्याच गोठ्यातली, ऑक्टोबरमधली वार अडकलेली गाय निवडावी लागली.