नारंगी टो फ्लोट: समुद्रात पोहणाऱ्यांनी कमरेला बांधावाच असा फुगा

समुद्रात पोहणाऱ्या लोकांसमोर टो फ्लोटचं नाव काढलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "मला कशाला, मला चांगलं पोहता येतं." अहो पण हा फुगा पोहता न येणाऱ्यांसाठी नाहीचे मुळी, तो बोट चालवणाऱ्या माणसासाठी आहे, त्याला तुम्ही लांबून दिसावं म्हणून.

मी वापरते तो 28 लिटरचा, ड्राय बॅगवाला (म्हणजे सामान कोरडं ठेवणारी पिशवी असलेला), भडक नारंगी. हवेचे दोन वेगवेगळे कप्पे (एक फाटला तरी दुसरा राहतो), मधे सामानाची पिशवी, एक कमरपट्टा आणि पट्ट्याला फुग्याशी जोडणारी दोरी. तोंडाने फुगवायला दोनेक मिनिटं लागतात.

आधी रंगाबद्दल, कारण पैसे खरे त्याचेच आहेत. पोहणाऱ्या माणसाचं पाण्यावर दिसतं काय, तर अर्धं डोकं आणि मधेच वर येणारा कोपर. टोपी निळी किंवा काळी असेल तर तेही गेलं, आणि जरा वारा सुटून लाटांवर फेस यायला लागला की पांढरी टोपीसुद्धा त्यातच हरवते. बरं आपल्यालाही फारसं दिसत नसतं, डोळे पाण्याच्या जेमतेम 10 सेंटीमीटर वर असतात तेव्हा क्षितिज साधारण एका किलोमीटरवरच संपतं, तेही समुद्र अगदी सपाट असेल तर, आणि आपण मान वर काढून बघतो आठ-दहा हात मारल्यावर एकदा. ताशी 40 किलोमीटरने येणारी मोटरबोट तो एक किलोमीटर दीड मिनिटात कापते. म्हणजे बोट बघून आपण बाजूला होऊ हा हिशोबच चुकीचा, बोटवाल्यालाच आपण दिसलं पाहिजे. नारंगी, गुलाबी किंवा भडक पिवळा घ्या, निळा-हिरवा फोटोत कितीही छान दिसला तरी घेऊ नका.

नावाजलेल्या पोहणाऱ्यांना कुठे लागला फुगा, असंही लोक म्हणतात. त्यांच्यासोबत बोट होती ना! 1875 मध्ये मॅथ्यू वेबने इंग्लिश खाडी 21 तास 45 मिनिटांत पार केली तेव्हा सोबत होड्या होत्या, 1958 मध्ये मिहिर सेन आणि 1959 मध्ये आरती साहा पोहून गेले तेव्हाही बोट होतीच, आणि आजही तिथे अधिकृतपणे पोहायचं तर बोट आणि बोटीवर निरीक्षक लागतो (त्या बोटीला नुसता आधारासाठी हात लावला तरी पोहणं बाद). आपण कामावर जायच्या आधी तासभर पाण्यात उतरणारी माणसं, आपल्या मागे कोण असतं?

आणि बोटी असूनही माणूस नजरेतून सुटतो. ऑक्टोबर 2010 मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराला समुद्रातल्या 10 किलोमीटरच्या वर्ल्ड कप शर्यतीत अमेरिकेचा फ्रॅन क्रिपन, वय 26, शेवटच्या रेषेपर्यंत आलाच नाही. तो आला नाही हे सोबतच्या पोहणाऱ्यांच्या लक्षात आलं आणि साधारण दोन तासांनी त्याचा मृतदेह पाण्याखाली सापडला. पाणी फार गरम होतं, त्यानंतर अशा शर्यतींसाठी पाण्याच्या तापमानाला 31 अंशांची वरची मर्यादा आली, ते योग्यच झालं. पण एवढा तयारीचा माणूस, शर्यतीच्या मधे, आणि नेमका कुठे दिसेनासा झाला ते कुणाला सांगता येऊ नये, हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. बऱ्याच हौशी स्पर्धांमध्ये आता टो फ्लोट सक्तीचा असतो आणि मला ते मनापासून पटतं.

ओढ लागते का, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. शांत पाण्यात नाही. फुगा पाण्यावरून सरकत मागे येतो, थोड्या वेळाने तो आहे हेही आठवत नाही. वारा असेल तर मात्र गोष्ट बदलते, समोरून वारा आला की कमरेला जाणवतो, बाजूने आला की पट्टा एका बाजूला खेचतो आणि आपण नकळत तिरके जायला लागतो, मागून आला तर फुगा पायांवर, कधीकधी पाठीवर येऊन बसतो. सवय होते त्याची. फुटणाऱ्या लाटांतून आत शिरताना तो मागे सोडायचा नाही, हातात धरायचा, नाहीतर लाट फुग्याला पकडून तुम्हाला उलटं किनाऱ्याकडे ओढते. लाटांच्या पलीकडे गेलं की सोडा.

आता हे नीट वाचा. हे लाइफ जॅकेट नाही आणि फुग्यावर तसं छापलेलंही असतं. हिशोबाने बघितलं तर 20 लिटर हवा साधारण 20 किलो वजन तोलते आणि पाण्यात माणसाचं वजन अगदीच थोडं उरतं, त्यामुळे पोटरीत गोळा आला, गॉगलमध्ये पाणी गेलं, जेलीफिशचा दंश झाला तर फुगा छातीशी धरून आरामात थांबता येतं. पण शुद्ध गेली तर तो तुमचं तोंड पाण्याबाहेर धरून ठेवणार नाही. रिप करंटमध्ये (किनाऱ्याकडून आत ओढणाऱ्या जोरदार प्रवाहात) सापडलात तर तिथून फुगा काढणार नाही, किनाऱ्याला समांतर पोहून तुम्हालाच बाहेर यावं लागेल. आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तेव्हा तर फुगा कवटाळून थांबलात की वारा दोघांना मिळून आत नेतो, अशा दिवशी मी उतरतच नाही. दाट धुक्यात रंग काही कामाचा नाही, तेव्हाही नाही. फुगा आहे म्हणून जास्त लांब जायचं, एकटं जायचं, हे तर अजिबात नको.

जाहिरातीत कुणी लिहीत नाही पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. तलावात पोहणारा भिंतीला हात लावून वळतो, समुद्र आवडणाऱ्या माणसाला मधेच थांबावंसं वाटतं. लांब गेल्यावर फुग्यावर दोन्ही हात टाकून लोंबकळत राहायचं, लाट खालून उचलते, सोडते, परत उचलते, आजूबाजूला कुणी काही बोलत नसतं, किनाऱ्यावरची माणसं मुंगीएवढी. पाय मारत तरंगताना अर्धं लक्ष दम सांभाळण्यात जायचं, आता सगळं लक्ष पाण्यावर असतं. आमच्या ग्रुपमधल्या साठीच्या पुढच्या एक काकू तर म्हणतात मी पोहायला येतच नाही, मी हे बघायला येते.

ड्राय बॅगबद्दल: तोंड तीन-चार घड्या घालून बंद केलंत तर चावी, चप्पल, टॉवेल कोरडे राहतात. फोन मात्र आत वेगळ्या वॉटरप्रूफ पाऊचमध्येच ठेवा, बाहेर ऊन आणि खाली थंड पाणी यामुळे पिशवीत आतून दमटपणा धरतोच.

तक्रारी दोन. दोरी आखूड आहे, माझी उंची जास्त नाही तरी पाय मारताना टाच फुग्याला लागते, उंच माणसाला तर नक्की लागेल, आणि लांबी कमी-जास्त करायची सोय नाही. खूप लांब दोरीही नको, ती पायात अडकते, पण हातभर अजून हवी होती. दुसरं, व्हॉल्व्हमध्ये मीठ आणि वाळू बसून तो घट्ट होत जातो. बकल मात्र उत्तम, एका हाताने, गार पडलेल्या बोटांनीसुद्धा सुटतं, आणि हे घेण्याआधी तपासाच, कारण दोरी जाळ्यात किंवा कुठल्या दोराला अडकली तर सेकंदात सुटका व्हायला हवी.

पाचपैकी साडेचार, अर्धा दोरीसाठी कापला. वापरून झाल्यावर गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, अर्धी हवा काढून ठेवा. उन्हाने रंग विटला की हवा टिकत असली तरी नवा घ्या.