इन्फ्रारेड थर्मामीटर: दोन हिवाळे वापरल्यावर

भिंतीवर टांगलेला थर्मामीटर पहाटे ३ अंश दाखवत होता आणि अंगणातली टोमॅटोची रोपं पांढऱ्या थराने माखली होती. ऊन चढलं तशी पानं काळी पडून लोंबायला लागली. बारांपैकी एकही रोप वाचलं नाही. हवा शून्याच्या वर असताना बर्फ आला कुठून, हे काही केल्या कळेना, म्हणून हा बंदुकीच्या आकाराचा थर्मामीटर घेतला.

नेम धरून खटका दाबला की समोरच्या पृष्ठभागाचं तापमान लगेच दिसतं. पहिल्याच निरभ्र, वारा पडलेल्या रात्री मी तो घेऊन अंगणभर फिरले. हवा ३ अंश. भिंत ५, दिवसभराची ऊब धरून बसलेली. उघड्यावरचं गवत उणे १, झाडाखालचं २. गाडीचा टप उणे २ आणि त्याच गाडीचं दार १! मग सरळ वर आकाशाकडे नेम धरला, तर आकडा उणे तिशीच्या खाली गेला. माझ्या रोपांचं काय झालं, ते तेव्हा उमगलं. टपाचं तोंड आकाशाकडे असतं. त्याची उष्णता वर निघून जाते आणि तिकडून फारच थोडी परत येते. दाराला समोरच्या भिंतीची ऊब मिळते, झाडाखालच्या गवताला फांद्यांची. ढग असले किंवा वारा वाहता असला तर हा फरक जवळजवळ उरत नाही, हेही नंतर मोजून पाहिलं.

त्या रात्री टॉर्च लावून एक पान जवळून पाहिलं. मधला भाग अजून हिरवा होता, पण कडेच्या बारीक लवेवर सुया उगवल्या होत्या. हवेतली वाफ पाणी न होता थेट बर्फ होऊन तिथे बसत होती. शेजारच्या पानावर आधी दव पडून मग गोठलं होतं, ते मात्र काचेच्या मण्यांसारखं पारदर्शक. इतकं सुंदर दिसणारं काहीतरी रोपाचा जीव घेतं, याचं फार वाईट वाटलं.

आता उणिवा. चकचकीत, उघड्या धातूवर हा साफ चुकतो, कारण तिथे आकाशाचं प्रतिबिंबच मोजलं जातं. काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर नेम धरावा लागतो. उबदार घरातून बाहेर आणल्यावर अर्धा तास थांबल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नका. लांबून मोजू नका: माझ्या यंत्राचं प्रमाण १२:१ आहे, म्हणजे १२० सेंटिमीटरवरून तो १० सेंटिमीटरचा गोल मोजतो, त्यात पानासोबत मातीही येते. आणि घेतल्या घेतल्या पाण्यात कुटलेला बर्फ ढवळून तपासा, शून्य यायला हवं. माझा १ दाखवतो. वरचे आकडे तो फरक वजा करून लिहिले आहेत.

आता रात्री दहाला पानं मोजते. २ किंवा कमी आलं आणि आकाश मोकळं असेल, तर रोपांवर जुनी चादर थेट जमिनीपर्यंत सोडते, म्हणजे मातीची ऊब आत राहते. गेल्या हिवाळ्यात चादरीच्या वरच्या बाजूला पांढरा थर आणि आत पानं ३ अंशांवर, असं चार पहाटे पाहिलं. एकही रोप गेलं नाही.