खाऱ्या वाऱ्यातली टाकी : दुरुस्तीनंतरचे दहा महिने

गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीची पाण्याची टाकी सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर आहे, तिथून समुद्र दिसतो. गोल, आरसीसीची, सात मीटर व्यासाची, लाख लिटरची. गेल्या दिवाळीनंतर तिची दुरुस्ती केली. आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा पार पडला, म्हणून लिहितोय.

आधी रात्री सगळे व्हॉल्व बंद करूनही सकाळपर्यंत पाणी चार सेंटिमीटर उतरायचं. या व्यासाला एक सेंटिमीटर म्हणजे जवळपास ३८५ लिटर. रोज रात्री दीड हजार लिटर जांभ्यात मुरायचं आणि मे महिन्यात वरच्या घरांतल्या बायका हंडे घेऊन खाली विहिरीवर. त्याआधी एकदा आतून सिमेंटचा घोळ मारून घेतला होता, तो वर्षभरही टिकला नाही.

या खेपेच्या मिस्त्रींनी पहिले दोन दिवस नुसतं हातोडीने ठोकून पाहिलं. बद्द आवाज आला की तिथे खडूची खूण. आम्ही भेगा मोजत बसलो होतो, दुखणं सळईत होतं. बांधताना खाडीची वाळू न धुता वापरलेली. तिचं मीठ आतून, खारा वारा बाहेरून. सळई गंजली की फुगते आणि अंगावरचं काँक्रीट ढकलून देते. सगळ्यात वाईट हाल छताच्या खालच्या बाजूचे, कारण टीसीएलची (पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरची) वाफ आणि दमटपणा तिथेच कोंडतो.

पोकळ भाग सळईच्या मागपर्यंत फोडला, गंज घासून काढला, झिजलेल्या सळईला जोड दिली, मग झिंक प्रायमर आणि पॉलिमर मॉर्टर. भिंत आणि तळाच्या सांध्यात निपल (बारीक नळ्या) बसवून पीयू ग्राउट, म्हणजे भेगेत दाबाने भरायचं लवचिक पॉलियुरेथेन, भरलं. उन्हाने हलणाऱ्या भेगेला तेच बरं, इपॉक्सी कडक असतं. शेवटी पिण्याच्या पाण्याला चालणारा लेप. त्याचं प्रमाणपत्र आधी हातात घ्या.

आयएस ३३७० या पाण्याच्या टाक्यांच्या भारतीय मानकाप्रमाणे टाकी भरून सात दिवस मुरू दिली, पुढचे सात दिवस बाहेरून पाहिली. एका जागी ओल आली, तिथे पुन्हा ग्राउट मारलं. तेव्हापासून रात्रीची पातळी हललेली नाही. या मे महिन्यात वरच्या घरांना रोज पाणी गेलं. मला याहून जास्त काही नको होतं.

एक चूक मात्र आमचीच. पैसे वाचवायला छताची फक्त ठिगळं केली. पावसाळ्यात एका ठिगळाच्या कडेला तांबूस डाग उमटला. नव्या मॉर्टरमधली सळई सुरक्षित राहते, पण शेजारच्या जुन्या, खारट काँक्रीटमधली उलट जोराने गंजू लागते. मिस्त्रींनी हे आधी सांगितलं होतं. तुमच्याकडे छत करायचं झालं तर सबंध करा.

डागाभोवती पेन्सिलने रेघ मारून तारीख घातली आहे. परवा झाकण बराच वेळ उघडं ठेवून, वर दोन माणसं उभी करून आत उतरलो. डाग रेघेच्या बोटभर बाहेर आलाय. यंदा दिवाळीनंतर, विहिरी भरलेल्या असतानाच, तो पूर्ण पट्टा फोडायचं बैठकीत ठरलं आहे.